वस्तीचे स्वतःचे माध्यम: फोन, फळा की रेडिओ?

पर्वती_पायथा
नमस्कार. पर्वतीच्या पायथ्याशी असलेल्या एका वस्तीत आम्ही आठ जण गेले दीड वर्ष एक छोटा उपक्रम चालवत आहोत. दर रविवारी संध्याकाळी दहा-बारा मिनिटांचे वार्तापत्र ध्वनिमुद्रित करायचे आणि वस्तीतल्या व्हॉट्सॲप गटांवर पाठवायचे, असे त्याचे स्वरूप आहे. पाणी कोणत्या वेळी येणार, रेशनच्या दुकानात काय आले, उत्पन्नाचा दाखला काढताना कोणाला कोणता कागद कमी पडला, सार्वजनिक शौचालयाच्या दुरुस्तीचे कुठवर आले, असा मजकूर त्यात असतो. ध्वनिमुद्रण माझ्याच स्वयंपाकघरात होते. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना गोधड्या टांगतो, तरीही शेजारच्या कुकरची शिट्टी जवळजवळ प्रत्येक भागात ऐकू येते आणि आता लोक तिलाच आमची शीर्षकधून समजतात.

ऐकणारे पुष्कळ आहेत. अडचण त्यापुढे सुरू होते. मागच्या महिन्यात तुंबलेल्या सांडपाण्याच्या वाहिनीवर आम्ही लागोपाठ तीन भाग केले. प्रत्येक भागाला पन्नासेक अंगठे आले, आणि क्षेत्रीय कार्यालयात निवेदन द्यायला जाण्याच्या दिवशी आम्ही चौघेच हजर होतो. त्या दिवसापासून मनात घोळत आहे की आम्ही लोकांचा सहभाग वाढवत आहोत, की त्यांच्या वतीने बोलून त्यांना सहभागातून मोकळे करत आहोत? एका हितचिंतकांनी थोडी देणगी देऊ केली आहे. गटातल्या काहींना सामुदायिक रेडिओच्या परवान्यामागे लागावे असे वाटते, काहींना चौकात फळा हवा आहे. ज्यांनी असे काही केले आहे त्यांनी अनुभव सांगावेत, ही विनंती.

सदाशिव_शनिवार
पुण्यात पर्यायी माध्यमांची उणीव भासते हे वाचून मौज वाटली. येथे प्रत्येक फाटकावर जनतेला उद्देशून एक स्वतंत्र अग्रलेख रंगवून लावलेला असतो. वाचकांच्या पत्रव्यवहाराची सोय तेवढी या माध्यमाने कधी केली नाही.

लहरी_माणूस
विनोद चांगला आहे आणि धाग्याचा मुद्दाही त्यातच आहे. मी विद्यार्थीदशेत तीन वर्षे एका महाविद्यालयीन रेडिओ केंद्रावर काम केले आहे, म्हणून रेडिओबद्दल सांगतो.

रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली दिला. त्या खंडपीठात न्या. पी. बी. सावंत होते. सरकारने मात्र दार हळूहळू उघडले. आधी फक्त शिक्षणसंस्थांना परवानगी मिळाली आणि स्वयंसेवी संस्थांना त्यासाठी नोव्हेंबर २००६ पर्यंत थांबावे लागले. पुण्यात विद्यापीठाची 'विद्यावाणी' आहे, आणखीही एक-दोन शिक्षणसंस्थांची केंद्रे आहेत. वस्तीने स्वतः चालवलेले केंद्र मात्र माझ्या कानावर आलेले नाही.

आपल्यापुढच्या अडचणी अशा. अर्जदार संस्था नोंदणीकृत आणि किमान तीन वर्षे जुनी असावी लागते. आठ मित्रांच्या गटाला परवाना मिळत नाही. प्रक्षेपणाची शक्ती १०० वॉट आणि मनोऱ्याची उंची ३० मीटर, या मर्यादा आहेत. सपाट मुलखात एवढ्यावर दहा-बारा किलोमीटरचा परिसर सापडतो. पर्वतीची टेकडी मध्ये असताना काय सापडेल ते टेकडीच जाणे. सर्वांत मोठा अडसर बातम्यांचा आहे. सामुदायिक केंद्राला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा लावता येतात. पाणीपुरवठ्याबद्दल प्रशासनाने दिलेली सूचना वाचून दाखवता येते. म्हणजे उद्या पाणी येणार नाही हे आपण सांगू शकता. ते गेले तीन गुरुवार का आले नाही, हा कार्यक्रम करायला बसलात की 'बातम्या आणि चालू घडामोडी' ही रेघ आडवी येते.

कुकर_तीन_शिट्ट्या
शीर्षकधून बदलू नये, एवढीच आमच्या समाजाची नम्र मागणी आहे.

जुन्नरची_नात
धागाकर्त्या ताईंचा प्रश्न वाचून मला माझ्या आजोबांची वही आठवली, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

ऐकणे आणि सहभागी होणे यांतले अंतर मोजण्याचा एक मोठा प्रयोग याच भागात सत्तर वर्षांपूर्वी होऊन गेला आहे. पुण्याचे आकाशवाणी केंद्र १९५३ साली सुरू झाले. १९५६ च्या पूर्वार्धात युनेस्कोच्या साहाय्याने, तेव्हाच्या मुंबई राज्यातल्या पाच मराठी जिल्ह्यांमधील १५० गावांत शेतकऱ्यांची श्रोतृमंडळे स्थापन झाली. कल्पना कॅनडातील होती. तिथल्या शेतकरी मंडळांचे सूत्रच 'वाचा, ऐका, चर्चा करा, कृती करा' असे होते. प्रत्येक मंडळात पंधरा-वीस गावकरी असत. दहा आठवडे, आठवड्यातून दोनदा, असे एकूण वीस कार्यक्रम झाले. कार्यक्रम संपला की रेडिओ बंद करायचा आणि चर्चेला बसायचे. चर्चेत निघालेले प्रश्न चिटणीस लिहून केंद्राकडे पाठवत आणि पुढच्या कार्यक्रमांत त्यांना उत्तरे मिळत.

आमच्या गावात आजोबा चिटणीस होते. ती वही मी लहानपणी पाहिली आहे: शाईच्या टाकाने आखलेली पाने, डावीकडे प्रश्न, उजवीकडे उत्तराची तारीख. 'उंदरांचा बंदोबस्त' या विषयाखाली एका गृहस्थांनी विचारलेला प्रश्न आजोबांनी जसाच्या तसा उतरवला होता: पुण्याच्या साहेबांच्या घरी उंदीर होतात काय, आणि झाल्यास ते काय करतात? उजवीकडचा रकाना कोरा होता.

या प्रयोगाचे मूल्यमापन टाटा समाजविज्ञान संस्थेत पॉल न्यूरथ यांनी केले, आणि त्यातला एक निष्कर्ष धागाकर्त्या ताईंसाठी महत्त्वाचा आहे. जिथे मंडळ होते तिथल्या लोकांच्या माहितीत लक्षणीय भर पडली. जिथे मंडळ नव्हते तिथे गावात रेडिओ असूनही ती जवळजवळ पडलीच नाही. यंत्र दोन्हीकडे होते, बसून बोलणे एकीकडेच होते. आपल्या वस्तीत आज साडेतीनशे फोन असतील, पण मंडळ एकही नाही.

तर्कटी
माहिती मोलाची आहे, तरीही मी या उदाहरणाला सहभागाचे उदाहरण म्हणायला तयार नाही. विषय कोणी ठरवले? उंदरांचा बंदोबस्त करा, खत वापरा, हा सरकारचा कार्यक्रम होता आणि मंडळे तो नीट पोहोचावा यासाठी होती. शेरी आर्नस्टीन या अमेरिकन विदुषीने १९६९ साली सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तिच्या तळाशी लोकांना फिरवणे आहे, मध्ये माहिती देणे आणि सल्ला घेणे आहे, आणि निर्णय लोकांच्या हाती असणे ही सर्वांत वरची पायरी आहे. १९५६ चा प्रयोग फार तर मधल्या पायरीपर्यंत चढला. प्रयोग यशस्वी ठरला म्हणून १९५९ पासून तो देशभर नेण्यात आला आणि पुढे सरकारी योजनांच्या नशिबी येते तेच त्याच्या नशिबी आले.

पर्यायी माध्यम म्हणजे काय हे पाहायचे असेल तर पुण्यातच आणखी मागे जावे. कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली येथे 'दीनबंधु' सुरू केले, तेव्हा वृत्तपत्रांची आणि शेतकऱ्यांची भाषाही एक नव्हती. काही वर्षांनी नारायण मेघाजी लोखंडे यांनी ते मुंबईतून चालवले. लोखंडे पत्र छापून थांबले नाहीत. त्यांनी गिरणीकामगारांच्या सभा घेतल्या, अर्जांवर सह्या घेतल्या, आणि १८९० साली कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. पत्र, सभा आणि अर्ज ही तिन्ही एकाच हातची साधने होती. धागाकर्त्या ताई रविवारी ध्वनिमुद्रण करू शकतात, त्यातही लोखंड्यांचा थोडा वाटा आहे.

जुन्नरची_नात
तर्कटी, विषय सरकारचे होते हे मान्य. पण उंदरांचा तो प्रश्न सरकारने सुचवलेला नव्हता. माणसे एकदा गोल करून बसली की विषयाच्या बाहेर जातात, आणि मला त्या बाहेर जाण्यातच रस आहे. शिवाय आपण सांगितलेल्या सभा आणि माझी मंडळे यांत फार अंतर आहे, असेही मला वाटत नाही.

माणदेशी_माहेर
रेडिओविषयी सगळेच निरुत्साही बोलत आहेत, म्हणून दुसरी बाजू मांडते. माझे माहेर म्हसवडच्या जवळ आहे. तिथे माणदेशी फाउंडेशनचे केंद्र आहे. त्यावर पहिल्यांदा आमच्या बोलीतले 'कुटं निगालीस' ऐकले तेव्हा माझी आई हातातले लाटणे ठेवून रेडिओजवळ जाऊन उभी राहिली होती. रेडिओवर बोलायला पुण्याचे मराठी लागते, असे तिला तोवर वाटत होते. पुढे ती जात्यावरच्या ओव्या म्हणायला स्वतः केंद्रावर गेली, आणि त्याच वर्षी ग्रामसभेतही पहिल्यांदा बोलली. एकामुळेच दुसरे झाले असा माझा दावा नाही, पण आई तसेच सांगते.

तेलंगणातील माचनूरचे 'संघम रेडिओ' २००८ पासून दलित शेतकरी महिला चालवतात. आधी तिथे गावोगावी महिलांचे संघ होते, बियाण्यांच्या देवघेवीची व्यवस्था होती, रेडिओ नंतर आला. बोलिव्हियातल्या कथिलाच्या खाणींतील कामगारांनी गेल्या शतकाच्या मध्याला आपल्या पगारातून वर्गणी काढून रेडिओ केंद्रे चालवली. तिथेही संघटना आधी होती. म्हणून लहरी_माणूस यांचे म्हणणे मला वेगळ्या कारणाने पटते. परवाना अवघड आहे म्हणून नव्हे, तर वस्तीत अजून संघ नाही म्हणून रेडिओ थांबावा.

कात्रज_बोगदा
व्हॉट्सॲपबद्दल कोणी बोलत नाही, म्हणून आमच्या सोसायटीचा अनुभव. गटात २१० सदस्य होते. पहिल्या वर्षी पाण्याच्या टँकरवर चर्चा झाली, दुसऱ्या वर्षी वाहनतळावर भांडण झाले, तिसऱ्या वर्षी फक्त चालकांनाच लिहिता येईल अशी व्यवस्था करण्यात आली. आता तिथे सुप्रभात आणि थकबाकीदारांची यादी, एवढेच येते. शांतता उत्तम आहे.

फोनच वापरायचा असेल तर छत्तीसगडमधील 'सीजीनेट स्वर' पाहावे. २०१० साली सुरू झालेल्या या सेवेत साध्या फोनवरून मिस्ड कॉल द्यायचा, उलट फोन आला की आपल्या गोंडी किंवा हिंदी बोलीत तक्रार नोंदवायची. ती तपासून इतरांना ऐकवली जाते. युक्ती शेवटी आहे: तक्रार सांगणारा माणूस संबंधित अधिकाऱ्याचा कार्यालयीन दूरध्वनी क्रमांकही सांगतो आणि ऐकणारे त्या क्रमांकावर फोन करतात. ऐकणाऱ्याच्या वाट्याला लगेच करण्याजोगे एक छोटे काम येते. आपल्या भागाला आलेले पन्नास अंगठे असेच होते, ताई. त्यांना दाबायला दुसरे काही दिले गेले नव्हते.

ओला_खडू
आता फळ्याची बाजू. मी पेठेत वाढलो आणि आमच्या मंडळाचा फळा मी अकरा वर्षे लिहिला. खडू पाण्यात भिजवून लिहिला की अक्षर वाळल्यावर पांढरेशुभ्र उठते आणि वाऱ्याने पुसत नाही, ही विद्या मला एका हमालकाकांनी शिकवली. सुरुवातीला फळ्यावर सुविचार, निधनवार्ता आणि पदाधिकाऱ्यांचे वाढदिवस असत. वाढदिवस इतके होते की वर्षाला ३६५ दिवस पुरत नसत.

बदल एका फुटलेल्या जलवाहिनीमुळे झाला. आम्ही एका कार्यालयात अर्ज दिला आणि फळ्याच्या उजव्या बाजूला चौकट आखून लिहिले: 'अर्ज दिला', त्यापुढे तारीख. खाली 'उत्तर' असे लिहून जागा मोकळी सोडली. रोज सकाळी मी फक्त दिवसांचा आकडा बदलत असे. मजकुरात टीका नव्हती, कोणाचे नाव नव्हते. दहाव्या दिवसापासून दूध घ्यायला आलेली माणसे आधी तो आकडा पाहू लागली. विसाव्या दिवशी समोरच्या इमारतीतल्या आजी मला म्हणाल्या, 'अरे, आज आकडा बदलला नाहीस, की उत्तर आले?' एकतिसाव्या दिवशी त्या कार्यालयातले एक गृहस्थ आले आणि चौकट पुसता येईल का, असे सौम्यपणे विचारू लागले. आजींनी त्यांना उत्तर दिले: चौकट पुसू नका, भरा. वाहिनी चाळिसाव्या दिवशी दुरुस्त झाली.

मी लिहिलेल्या शेकडो सुविचारांनी जे साधले नाही ते त्या रिकाम्या जागेने साधले. अधिक विवेचन मला जमणार नाही. मात्र दोन सूचना करतो. फळा मंडळाच्या ओट्यावर लावू नका, तिथे बायका थांबत नाहीत; तो नळाशी किंवा रेशनच्या दुकानाशी लावा. आणि उंची अशी ठेवा की शाळकरी मुलीचा हात पोहोचेल.

सदाशिव_शनिवार
पाटीवर उत्तरासाठी जागा सोडायची असते, हे आम्हांला तीनशे वर्षांत सुचले नाही. क्षमस्व.

तर्कटी
ओला_खडू यांच्या प्रतिसादाने माझी शिडी थोडी हलली आहे, हे कबूल करतो. तरीही एक प्रश्न उरतो: खडू कोणाच्या हातात? अकरा वर्षे एकच हात लिहीत होता. तो हात सज्जन होता, ही त्या पेठेची सुदैवाची गोष्ट आहे. पण 'समुदायाचा आवाज' म्हणताना समुदायातल्याच कोणाचा आवाज गळतो, हे पाहावे लागते. धागाकर्त्या ताईंना विचारतो: आठ जणांत बायका किती? भाडेकरू किती? परप्रांतातून आलेले किती?

पर्वती_पायथा
तर्कटी, प्रश्न टोचला, म्हणून खरे उत्तर देते. आठ जणांत मी एकटीच बाई आहे. भाडेकरू एकही नाही, कारण आम्ही सगळे जुने रहिवासी आहोत आणि एकमेकांना शाळेपासून ओळखतो. वस्तीतली निम्मी घरे तरी भाड्याची आहेत आणि सांडपाणी सर्वांत आधी त्यांच्याच उंबऱ्यात शिरते, कारण ती उतारावर आहेत. तीन भागांत आम्ही त्यांच्यापैकी एकाचाही आवाज घेतला नाही, हे लिहितानाच लक्षात आले. काल एका भाडेकरू बाईंना विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, 'ताई, आम्ही बोललो तर घरमालक खोली खाली करायला सांगेल. तुम्ही बोला, आम्ही ऐकतो.' चौघेच का आले, याचे उत्तर मी इतके दिवस दुसरीकडे शोधत होते.

लहरी_माणूस
आमच्या केंद्रावर अशा वेळी एक रीत होती. ज्यांना नाव द्यायचे नसे त्यांचे म्हणणे दुसऱ्या व्यक्तीच्या आवाजात घेत असू, पण शब्द त्यांचेच ठेवत असू. शब्द सुधारायचे नाहीत, हा कडक नियम होता.

वारजे_माळवाडी
थोडे व्यावहारिक. पुणे महापालिकेत २००६ सालापासून अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामे सुचवून घेण्याची पद्धत आहे. पदपथ, दिवे, शौचालयाची दुरुस्ती अशी प्रभागातली छोटी कामे त्यात सुचवता येतात. अर्जाची मुदत येते आणि जाते, आणि वस्त्यांमध्ये ती कळतच नाही. अर्ज भरणारे बहुतेक आमच्यासारखे सोसायट्यांतले निवृत्त लोक असतात, म्हणून बाकांची मागणी फार होते. मार्च २०२२ नंतर तीन वर्षांहून अधिक काळ नगरसेवकच नव्हते, तेव्हा तर हा अर्ज हीच एक फट उरली होती. आपल्या वार्तापत्रात मुदत सांगाच, पण त्याबरोबर एखाद्या रविवारी नळाशी टेबल टाकून अर्ज भरून घ्या. अर्ज भरायला भाडेकरूला घरमालकाची परवानगी लागत नाही.

माणदेशी_माहेर
शेवटचे वाक्य फळ्यावर लिहिण्यासारखे आहे.

पर्वती_पायथा
पाच आठवड्यांनी पुन्हा लिहीत आहे. सर्वांचे आभार मानण्याआधी काय झाले ते सांगते.

रेडिओचा विचार तूर्त बाजूला ठेवला. देणगीतून एक फळा, वर पत्र्याची पन्हळ आणि एक बऱ्यापैकी ध्वनिक्षेपक घेतला. जुन्नरची_नात यांच्या आजोबांची पद्धत उचलली: वार्तापत्र आता गटांवर टाकण्याआधी सहा ठिकाणी एकत्र ऐकले जाते, शेवटी एकच प्रश्न विचारला जातो आणि प्रत्येक ठिकाणचे उत्तर पुढच्या भागात येते. सहापैकी दोन बैठका तिसऱ्याच रविवारी मोडल्या. एक क्रिकेटच्या सामन्यामुळे आणि एक जुन्या भाऊबंदकीमुळे. चार टिकून आहेत. उतारावरची बैठक भाडेकरू बाईंनी स्वतःच्या दारात घेतली. त्यांचे शब्द मी वाचले, सुधारले नाहीत. त्यात एक शिवी होती, ती ठेवावी की नाही यावर आम्ही तासभर भांडलो आणि अखेर ठेवली.

परवा पुन्हा निवेदन द्यायला गेलो. आम्ही सतरा जण होतो, त्यांत अकरा बायका. साडेतीनशे घरांत सतरा म्हणजे फार नव्हे, हे मला कळते. फळा नळाशी लावला आहे, चौकट आखली आहे, आकडा बदलण्याचे काम सातवीतल्या एका मुलीने मागून घेतले आहे. आज तिने ३ लिहिले.

ओला_खडू
उत्तम. चौकट खडूने आखली असेल तर पुसून पिवळ्या ऑइलपेंटने आखून घ्या. पन्हळ असली तरी पाऊस तिरपा येतो, आणि पहिल्या सरीत अक्षरांआधी रेघा जातात. रंग वाळायला दोन दिवस लागतील. तेवढ्यात त्या मुलीने आकडा कागदावर लिहून चिकटवावा, खंड पडू देऊ नये.